फळ्यावरचं झाड, फाटकाबाहेरचं झाड

कागदाला दोन घड्या घालून चार चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात एक तपकिरी खोड काढायचं. पहिल्यावर गुलाबी ठिपके, दुसऱ्यावर हिरवे, तिसऱ्यावर नारिंगी आणि चौथ्यावर चिकटवायचा कापूस. झाले चार ऋतू! बालवाडीपासून चौथीपर्यंत हा उपक्रम कुठे ना कुठे होतोच आणि तो होण्यात वावगं काही नाही. झाड तेच राहतं आणि रंग बदलले की काळ बदलतो, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला यातून चटकन कळते. त्यासाठी याहून सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही. माझी तक्रार झाडाबद्दल आहे. एप्रिलमध्ये गुलाबी होणारं, ऑक्टोबरात नारिंगी दिसणारं आणि जानेवारीत बर्फाखाली जाणारं झाड युरोपात आहे, जपानात आहे, उत्तर अमेरिकेत आहे. पुण्यात ते नाही.

मी पुण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. हा उपक्रम मी बंद केला नाही, पण तो फळ्यावरून उचलून फाटकाबाहेर नेला. चार चौकोन एका तासात रंगवण्याऐवजी मुलं आता एकाच झाडाकडे वर्षातून चारदा जातात. ते करताना जे कळत गेलं ते पुढे लिहिते आहे. एखाद्या शिक्षिकेला किंवा घरी बसून मुलांकडून काही करून घेणाऱ्या आजी-आजोबांना उपयोगी पडेल.

१. आधी झाड ठरवावं, रंगांचं नंतर बघावं

झाड रोजच्या वाटेवरचं हवं. शाळेच्या बसथांब्याजवळचं, वाण्याच्या दुकानासमोरचं, पार्किंगमधलं, कुठलंही. लांबच्या उद्यानातलं सुंदर झाड उपयोगाचं नाही, कारण मुलं तिथे चित्र काढण्यापुरतीच जातात आणि मधले बदल हुकतात. दुसरी अट म्हणजे ते पानं झडणारं असावं. वड, अशोक वर्षभर हिरवेच दिसतात. मोठ्या मुलांना त्यातलेही बदल शोधता येतात, पण लहानांची निराशा होते. बहावा, गुलमोहर, पांगारा, देशी बदाम ही सगळी चालतात. माझी निवड मात्र काटेसावरीची.

सावरीचं रूप मुलांच्या हाताला जमतं. खोड सरळसोट, राखाडी, त्यावर जाड काटे. फांद्या जवळपास आडव्या, एकावर एक मजल्यांसारख्या. झाड काढता येत नाही म्हणणारं मूलही उभी रेघ आणि आडव्या रेघा काढतं आणि ती सावर ओळखू येते. पान पाच ते सात पानोळ्यांचं, पसरलेल्या पंजासारखं, म्हणून लहान मुलांनी हाताला हिरवा रंग लावून ठसा उमटवला की पान तयार.

तिचं वर्षही चौकोनांत बसवण्याजोगं आहे. पावसाळ्यात पानांनी भरलेली. थंडी सुरू झाली की पानं गळतात. जानेवारी-फेब्रुवारीत एकही पान नसलेल्या फांद्यांवर मांसल, लाल-गुलाबी, पाच पाकळ्यांची फुलं येतात आणि त्यांतल्या मधासाठी कावळे, मैना, बुलबुल यांची झुंबड उडते. मग हिरवी बोंडं धरतात, ती वाळून काळपट होतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात फुटून त्यांतला रेशमी कापूस वाऱ्यावर तरंगू लागतो.

म्हणजे कापसाची पिशवी आमच्या वर्गातही उघडली जाते, फक्त उन्हाळ्याच्या चौकोनासाठी. सावरीचा कापूस मुलं खाली पडलेला वेचून आणतात, त्यातली काळी बी बाजूला काढतात आणि कोरड्या, तापलेल्या आभाळावर चिकटवतात. एका मुलीने तो फांदीला चिकटवला नाही, कागदाच्या अगदी उजव्या कडेला लावला. का, तर वारा होता. असं उत्तर तयार नमुन्यावरून काम करणाऱ्या मुलाकडून येत नाही.

२. चार ऋतू आपल्याकडेही आहेत

पालक हमखास विचारतात, आपल्याकडे ऋतू तीन की सहा? शाळेच्या पुस्तकात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तीन असतात. पंचांगात दोन-दोन महिन्यांचे सहा. मग चार कुठून आणले? तर ते आपल्या हवामान विभागाकडेच आहेत. भारतीय हवामान विभाग वर्षाचे चार भाग करतो: जानेवारी-फेब्रुवारी थंडीचे, मार्च ते मे उन्हाळ्याचे, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पावसाचे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस सरल्यानंतरचे. पुणेकरांना हे सांगायला मला विशेष मजा येते, कारण शिवाजीनगरला हवामान खात्याची जी जुनी इमारत आहे तिला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, इमारतीचं आणि तिच्याजवळच्या चौकाचं नाव तेच राहिलं.

या वाटणीत सर्वांत उपेक्षित भाग आहे तो चौथा. पावसानंतरच्या दिवसांना मुलांच्या डोक्यात चित्रच नसतं. विचारलं तर 'दिवाळी' एवढंच उत्तर येतं. म्हणून तिथे जास्त वेळ द्यावा. ऑक्टोबरचं ऊन मेइतकंच टोचतं, पण हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात, गवत वरून पिवळं आणि बुडाशी हिरवं असतं. बुचाच्या झाडाखाली लांब देठांची पांढरी फुलं पडू लागतात. मावळात भात कापणीला येतो. हे सगळं सांगून टाकायचं नाही, विचारून काढायचं.

३. ऋतूला एकच रंग नसतो

चौकोनांच्या तक्त्याने मुलांच्या मनात एक समजूत पक्की केलेली असते: अमुक ऋतू म्हणजे अमुक रंग. फेब्रुवारीत दहा मिनिटं रस्त्यावर उभं राहिलं की ती सुटते. त्या एकाच सकाळी सावर निष्पर्ण आणि फुललेली असते, आंबा मोहरलेला असतो, देशी बदामाची उरलीसुरली पानं लालभडक असतात आणि शेजारचा वड हिरवागार. काही आठवड्यांत पिंपळाला तांबूस-गुलाबी पालवी फुटते, आणि ती इतकी चकाकते की मुलं तिला फुलंच समजतात. ज्यांना नारिंगी पानांचं झाड काढायचंच आहे त्यांना मी बदामाखाली बसवते. ते झाड आपल्याकडे आहे, फक्त ऑक्टोबरऐवजी थंडीत रंगतं.

'मग बरोबर कुठलं?' असं एका मुलाने वैतागून विचारलं होतं. ज्याच्या त्याच्या झाडापुरतं जो तो बरोबर, असं सांगितल्यावर त्याचं समाधान झालं नाही. पण पुढच्या वेळी तो आपणहून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसला.

४. खोड तपकिरी नसतं

डबीतला तपकिरी रंग मी खोडासाठी वापरू देत नाही. सावर राखाडी, पेरू गुळगुळीत आणि ठिपकेदार, निलगिरी जवळजवळ पांढरी, आणि पावसात भिजलं की यातलं प्रत्येक खोड काळपट. बर्न्ट सायनात थोडा अल्ट्रामरीन ब्लू मिसळला की छान करडा रंग तयार होतो. निळा वाढवला की थंड, सायना वाढवला की उबदार. आठ-नऊ वर्षांची मुलं हे मिश्रण एकदा शिकली की सोडत नाहीत.

हिरव्याचंही तेच. लेमन यलोत प्रशियन ब्लूचा थेंब टाकला तर कोवळा, पहिल्या पावसानंतरच्या गवताचा हिरवा. क्रोम यलोत अल्ट्रामरीन टाकला तर मळकट, भाद्रपदातल्या जुन्या पानाचा. डबीतल्या तयार हिरव्याला बंदी घातली की पहिला तास कुरकुरीत जातो. जाऊ द्यावा.

५. पाऊस मेणाने काढावा

निळ्या पेन्सिलीने काढलेला पाऊस नेहमी झाडावर रेघोट्या मारल्यासारखा दिसतो. त्याऐवजी पांढरा मेणखडू किंवा मेणबत्तीचा तुकडा द्यावा आणि जोर देऊन रेघा मारायला सांगाव्यात. कागदावर काहीच दिसत नाही, मुलं संशयाने बघतात. मग वरून निळा-करडा पातळ रंग मोठ्या ब्रशने फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे रेघा पांढऱ्याच राहतात आणि पाऊस एकदम उभा राहतो. हा क्षण हुकमी आहे, कितीही वर्षं घेतला तरी.

कागद मात्र जाड हवा. वहीचा कागद पाण्याने सुरकुततो आणि फाटतो. कार्ट्रिज कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बोर्डावर ताणून लावावा, आणि चित्र सुकल्यावरच पट्टी काढावी. घाई केली की वरचा थर सोलून येतो.

रेघा कुठल्या दिशेने तिरक्या, हा प्रश्न जरूर विचारा. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. मुलं आपल्या खोलीतली कुठली खिडकी आधी बंद करावी लागते ते आठवतात आणि त्यावरून दिशा ठरवतात.

६. वय बघून काम द्यावं

पाच-सहा वर्षांच्या मुलांना निरीक्षण करून काढायला लावणं हा छळ आहे. त्यांना ठसे द्या. भेंडी आडवी कापली की पाच कोनांचं फूल मिळतं. बोटांच्या ठशांची पालवी होते, कानात घालायच्या कापूसकाडीने मोहोर होतो. रंग दाट ठेवावा आणि ठसा आधी रद्दीच्या कागदावर टेकवून जास्तीचा रंग काढावा, नाहीतर भेंडीच्या फुलाचं डबकं होतं.

सात ते नऊच्या मुलांचं जग वेगळं. खाली जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी, मध्ये पांढरी रिकामी जागा, कोपऱ्यात पाव सूर्य. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात या टप्प्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. मूल जे डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं. आभाळ वर असतं हे ठाऊक, म्हणून ते वर. ती पट्टी पुसून 'आभाळ खालपर्यंत येतं बघ' म्हणून रंगवून घेण्यात काही हशील नाही. वेळ आली की ते आपोआप खाली उतरतं.

दहाच्या पुढची मुलं मात्र दुसऱ्याच टोकाला असतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, झोपडी, नारळ आणि मराठी चारच्या आकड्याचे पक्षी हा देखावा त्यांच्या बोटांत मुरलेला असतो. झाडासमोर बसवूनही ती तोच काढतात. यावर माझा उपाय साधा आहे: पहिली पंधरा मिनिटं अख्खं झाड काढायला बंदी. एक फांदी, एक बोंड किंवा सालीचा हातभर तुकडा. नमुना संपला की बघणं सुरू होतं.

७. ऋतू झाडाखालीही असतो

मला सर्वांत जास्त शिकवलं ते या मुद्द्याने. एकदा मुलांना म्हटलं, उन्हाळा काढा, पण झाड आणि सूर्य काढायचा नाही. एकाने पाण्याचा टँकर काढला. निळा टँकर, त्याच्या मागची जाड नळी आणि रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा लांब ओघळ. दुसऱ्या मुलीने रसवंतीगृह काढलं आणि चरकाच्या घुंगरांचा आवाज कसा काढायचा यावर बराच वेळ डोकं लढवून शेवटी चाकाभोवती छोटे-छोटे गोल काढले. कुणी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढल्या, शेजारी कावळा हाकणारी आजी. घरकामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याने पत्र्याचं घर काढलं आणि सगळी माणसं घराबाहेर झोपलेली. त्या दिवशी भिंतीवर लावलेली चित्रं बघताना एकाच शहरात किती उन्हाळे आहेत ते दिसत होतं, आणि त्यावर कुणी भाषण द्यायची गरज नव्हती.

हे काही मी नवं शोधलेलं नाही. पीटर ब्रॉयगेलने १५६५ साली अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी वर्षाच्या निरनिराळ्या काळांची चित्रमाला रंगवली. तिच्यातलं कापणीचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात पिकलेलं पिवळं शेत आहेच, पण मुलांची नजर जाते ती झाडाखाली जेवत बसलेल्या माणसांकडे आणि पाय फाकून गाढ झोपलेल्या एका गड्याकडे. 'हा आमच्या गावचा काका आहे,' असं एक मुलगा म्हणाला. या मालेतली पाच चित्रं आज शिल्लक आहेत, आणि मुळात ती सहा असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे युरोपातही वर्षाचे नेहमी चारच तुकडे होत होते असं नाही.

आपल्याकडे वारली चित्रांत ऋतू माणसांच्या कामावरूनच ओळखावा लागतो. नांगरणी, लावणी, कापणी, मळणी आणि कापणीनंतरचा तारपा नाच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस. रंग बदलतच नाही, तरी वर्ष पुढे सरकतं. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचे फोटो मुलांना जरूर दाखवावेत, आणि मग वारलीचा उपयोग निव्वळ वहीच्या किनारीसाठी करणं थांबवावं.

८. मंडईतून चेहरा

पाऊस लागला आणि बाहेर जाता येत नसलं तर हा हुकमी उद्योग. जुझेप्पे आर्चिंबोल्दो या इटालियन चित्रकाराने १५६३ साली व्हिएन्नाच्या राजदरबारात असताना ऋतूंचे चेहरे रंगवले. त्याचा उन्हाळा फळंभाज्यांचा बनलेला आहे: काकडीचं नाक, मक्याच्या कणसाचा कान, मटाराचे दात. हिवाळा म्हणजे खडबडीत जुनं खोड, ओठांच्या जागी अळंबी. मुलं खदाखदा हसतात आणि लगेच कामाला लागतात.

आपली यादी मुलांनाच करू द्यावी. उन्हाळ्याला कैरी, कलिंगडाची फोड, जांभळं. पावसाळ्याला अळूचं पान, करटुली, मक्याचं कणीस. ऑक्टोबरला सीताफळ आणि झेंडू. थंडीला गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचं कांडं. शक्य असेल तर खऱ्या भाज्या ताटात मांडून चेहरा करावा आणि तो बघून काढावा. नंतर त्या भाज्या घरी जाव्यात, वाया नकोत. सीताफळाच्या खवल्यांचे कुरळे केस ही कल्पना एका सहा वर्षांच्या मुलीची. ती मी दरवर्षी तिच्या नावाने खपवते.

९. पालकांनी ब्रश हातात घेऊ नये

एवढंच.

१०. छाटणी धरून चालावं

मे महिन्याच्या सुमारास, पावसाळ्याच्या आधी, विजेच्या तारांखालची झाडं छाटली जातात. चार महिने ज्या फांदीकडे मुलं बघत आली ती जूनमध्ये जागेवर नसते. म्हणून प्रत्येक गटाला दोन झाडं द्यावीत, त्यातलं एक आवारातलं. आणि छाटलेलं झाड दिसलं तर तेही काढून घ्यावं. मुलं ते फार बारकाईने काढतात, अगदी कापाच्या गोल खुणांसकट.

११. परदेशातल्या मुलांसाठी तेच झाड खरं आहे

कॅनडात राहणारी माझी मावसबहीण तिथे शनिवारी मराठी मुलांचा वर्ग घेते. तिच्या मुलांनी खिडकीतला मेपल काढला तर नारिंगी पानं आणि बर्फ दोन्ही खरं, आणि तिथे कापूस चिकटवणं अगदी योग्य. आम्ही फेब्रुवारीत एकमेकींना चित्रं पाठवतो. तिकडून पांढरं झाड येतं, इकडून लाल फुलांचं. मेलबर्नच्या एका कुटुंबातला मुलगाही यात आला, तेव्हा डिसेंबरमध्ये त्याच्या चित्रात कडक उन्हाळा होता. पृथ्वी कलल्यामुळे ऋतू होतात हे पुस्तकात वाचलेलं वाक्य आमच्या मोठ्या मुलांना त्या चित्रानंतर पहिल्यांदा समजावून घ्यावंसं वाटलं.

१२. पहिलं चित्र पानगळीचं घ्यावं

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून पावसाळ्यापासून सुरुवात करावीशी वाटते. त्या वेळी झाड पानांनी झाकलेलं असतं, मुलांना हिरव्या ढगापलीकडे काही दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात केली तर फांद्यांचा सांगाडा उघडा असतो. तो एकदा नीट काढला की पुढच्या तिन्ही चित्रांना आधार मिळतो, आणि पानं कुठून फुटतात हे मुलांना ठाऊक असतं. नंतर एप्रिलचा शेवट, जुलै आणि ऑक्टोबर. प्रत्येक चित्राच्या मागे झाडाचं नाव, जागा आणि तारीख मुलाच्याच अक्षरात हवी.

शेवटी एक विनंती. वरची सगळी यादी पुण्याची आहे. कोकणात सुरंगी आणि काजू घ्यावे लागतील, विदर्भात मोह आणि पळस, आणि महिनेही थोडे पुढेमागे होतील. ही यादी जशीच्या तशी उचलून तक्त्यावर लावू नका. आपल्या गावातली चार झाडं आणि त्यांचे महिने शिक्षकांनी स्वतः बघून लिहून काढावेत, आणि ते शाळेच्या भिंतीवर लावावेत.